मागे बसणाऱ्यांचं हेल्मेट

मी स्वीडनमध्ये पोस्टडॉक करते. रस्त्यावरच्या अपघातात शरीराला इजा कशी होते, हा माझा विषय. लोकांना वाटतं, चूक कोणाची ते आम्ही शोधतो. तसं नाही. हाड कुठे मोडलं, मार कुठे लागला, यावरून माणूस कसा बसला होता आणि कशावर आदळला, ते आम्ही शोधतो.

आपल्याकडची दुचाकीच घ्या. धडकेत चालवणाऱ्याच्या पायांना जास्त मार बसतो. पडताना हात टेकला तर मनगट मोडतं. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचं तसं नसतं. तिचा तोल आधीच कच्चा, मांडीवर पिशवी, धरायला हँडल नाही. गाडी उसळली की ती मागे फेकली जाते आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते.

सोलापूरला माझी मावशी अशीच पडली. गाडीचा वेग जेमतेम तीस. काकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यांना फक्त खरचटलं. मावशी वाचली, पण अजून मला आईच्या नावाने हाक मारते. घरचे म्हणतात, नशीब. मला मात्र तिथे पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक दिसतो आणि दोघांत एकच हेल्मेट दिसतं.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये, असे रस्ते आणि वाहनं हवीत, हा त्यामागचा विचार. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, असं आपला कायदाही सांगतो.

डिसेंबरात तुम्ही घरी जाल. इथे मागच्या सीटवरही न विसरता पट्टा लावणारे आपण, तिकडे टॅक्सीत तो सीटकव्हरखाली दडपलेला दिसला की गप्प बसतो. गप्प बसू नका, काढायला सांगा. धडकेत पट्टा नसलेला माणूस गाडीच्याच वेगाने पुढच्यावर आदळतो.

आणि एक करा. चॉकलेटं थोडी कमी न्या, पण पोचल्यावर आयएसआय खुणेचं दुसरं हेल्मेट घ्या. आईला दुकानात सोबत न्या, तिच्याच मापाचं घ्या. अंबाडा आड येत असेल तर केस मानेशी खाली बांधायला सांगा. हनुवटीखालचा पट्टा तेवढा पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः लावून द्या.