उसाचा हिशेब घेतला, पाण्याचा कोण घेणार?

ऊस तुटला, गाडी भरली, काट्यावरची पावती खिशात घातली की आपले काम संपले, असे आपण समजतो. पण त्या उसाबरोबर आपण कारखान्याला पाणीही पोचते करतो. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. म्हणजे एका टनात जवळजवळ ७०० लिटर!

आपल्या नगर जिल्ह्याला पाण्याचे मोल सांगायला नको. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटावर ऊस डोलू लागला. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि शेतकरी मालक झाला. मग मालकाने पाण्याचाही हिशेब विचारायला नको का?

रस आटवताना निघणारी वाफ थंड केली की चांगले गरम पाणी मिळते. ते बॉयलरला वापरता येते, चरकातल्या चिपाडावर शिंपडून उरलेली साखर काढून घेता येते. थंड करण्याचे पाणी फवाऱ्याच्या तळ्यात निववून पुन्हा फिरवतात. म्हणून नीट चालणाऱ्या कारखान्याला बाहेरचे पाणी थोडेच लागते. २०१६ च्या नियमाने एक टन उसामागे २०० लिटरपर्यंतच सांडपाणी बाहेर सोडता येते, तेही शुद्ध करून.

खरा घोर मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीचा. एक लिटर अल्कोहोलमागे १० ते १५ लिटर काळपट-तांबडे पाणी उरते. ओढ्यात गेले तर ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मासे मरतात. जमिनीत मुरले तर विहिरीत उतरते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरी हेच झाले. विहिरीचे पाणी चहासारखे झाले, गुरे तोंड लावीनात. "ज्या उसावर घर बांधलं, त्यानंच घरातलं पाणी नेलं," असे ती म्हणे. डोक्यावर हंडा घेऊन ती दुसऱ्याच्या मळ्यात जाई.

यावर उपाय आहेत. या पाण्यापासून आधी गॅस मिळतो. मग ते आटवून प्रेसमडमध्ये मुरवले की खत होते, पालाश जमिनीला परत मिळते. मात्र खताचा तळ पक्का हवा आणि पावसाळ्यापूर्वी काम उरकायला हवे. तसेच आटवलेले पाणी बॉयलरमध्ये जाळताही येते.

तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत भावाबरोबर हेही विचारा: गेल्या हंगामात पाणी किती घेतले, किती फिरवून वापरले, किती सोडले आणि कुठे? विहिरीचा रंग पालटला तर तारीख लिहून ठेवा, नमुना तपासून घ्या, ग्रामपंचायतीचा ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. १९७४ चा पाणी कायदा त्यासाठीच आहे.

कारखाना आपला आहे, तशी विहीरही आपलीच आहे. एकीच्या भरभराटीसाठी दुसरी बुजवायची वेळ येऊ देऊ नका.