दोन धनुष्यं आणि एक खांदा

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा संपावर गेला. आगाऊ नोटीस नाही, मागण्यांचं पत्रक नाही, वाटाघाटी नाहीत. गिरगावच्या शाखेत जायला बसमध्ये चढलो, कडी धरायला हात वर केला आणि तो निम्म्या वाटेत अडकला. पंचवीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहिल्यावर खांद्याचं असंच व्हायचं, असं डॉक्टर म्हणाले. सह्यांचा आणि खांद्याचा संबंध काय, ते मी विचारलं नाही. फी आधीच देऊन झाली होती.

आठ महिन्यांनी खांदा कामावर रुजू झाला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आता पाठीच्या स्नायूंना कामाला लावा. काहीतरी मागे खेचायचा व्यायाम करा." सौ.ने पोहणं सुचवलं. आमच्या हेडकॅशियरनी कॅरम सुचवला. ते प्रत्येक दुखण्यावर कॅरमच सुचवतात. मी म्हटलं, "धनुर्विद्या शिकेन म्हणतो." घरात शांतता पसरली. मुलीनं मोबाइलमधून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. या वर्षातली ही दुसरी वेळ.

लालबागेत राहून "धनुष्यबाण घ्यायचाय" असं चारचौघांत बोलायचं नसतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं ते चिन्ह गोठवलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एका गटाला देऊन टाकलं, तेव्हापासून आमच्या चाळीत हा शब्द दाराआडच उच्चारतात. शेजारच्या काकांनी मला हाताला धरून गॅलरीच्या टोकाला नेलं.

"कुठला गट धरलास?"

"गट नाही हो काका. लाँगबो घ्यावं की रिकर्व्ह, एवढंच ठरवायचंय."

"म्हणजे आणखी दोन फुटले?"

दादरला दर रविवारी सकाळी एक वर्ग भरतो. तिथले सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, म्हणून मी त्यांना 'सर' म्हणतो आणि ते मला 'काका'. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मला ती कप्प्या लावलेली यंत्रं नकोत. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते त्या कंपाउंड धनुष्यावर. अभिमान आहेच. पण कप्प्या आणि तारा पाहिल्या की मला समोरच्या टॉवरची लिफ्ट आठवते, आणि ती निम्मा वेळ बंद असते. मला हवं होतं जुन्या चालीचं साधं धनुष्य. डोळ्यांनी नेम धरायचा आणि सोडायचं.

"मग दोनच," असं म्हणून सरांनी दोन्ही माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

लाँगबो म्हणजे पाहायला गेलं तर काठी. जवळजवळ माझ्या उंचीची, मधे जाड, टोकांकडे निमुळती. दोरी चढवली की एकच साधी कमान होते आणि दोरी फक्त टोकांना टेकते. रिकर्व्हची टोकं मारणाऱ्याकडे पाठ करून पलीकडे वळलेली असतात. दोरी चढवली की ती त्या वळणावर थोडी पडून राहते. खेचताना ही वळणं उलगडतात, आणि तेवढ्याच खेचण्यात जोर जास्त साठतो. आमच्या भाषेत, मुद्दल तेच पण व्याज चढं. म्हणून उंचीनं कमी असूनही त्याचा बाण वेगानं जातो. लाँगबोमधला थोडा जोर बाणाबरोबर न जाता तुमच्याच मनगटात येऊन बसतो. बुडीत कर्जासारखा.

"तुम्हाला वीस पाउंडांचं पुरे," सर म्हणाले. मी परकीय चलन विभागात चार वर्षं काढली आहेत. मनात गुणाकार केला आणि फारच स्वस्त वाटलं. मग कळलं की पाउंड म्हणजे वजन. दोरी २८ इंचांपर्यंत खेचल्यावर बोटांवर जो भार येतो तो. किंमत निराळी, आणि ती रुपयांतच.

"पुढे ताकद वाढली की नुसती लिंबं बदलायची." मी वहीत 'लिंबं' असं लिहून घेतलं. आमच्या चाळीतल्या प्रत्येक दुकानावर दर शनिवारी लिंबू-मिरची बदलतात, तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात हा खुलासा तिसऱ्या रविवारी झाला. तोवर मी सौ.ला दोन लिंबं बाजूला ठेवायला सांगितली होती.

रिकर्व्हची ही पाती मुठीपासून सुटी होतात. तीन तुकडे पिशवीत टाकले की कोणाला पत्ता लागत नाही. शिवाय पगारवाढीप्रमाणे दरवर्षी थोडी जड पाती लावता येतात. लाँगबो बहुधा अखंड. वीस पाउंडांचं घेतलं की जन्मभर वीस पाउंडांचं. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिंपिकला गेला तो रिकर्व्ह घेऊन. तिथं लक्ष्य ७० मीटरवर आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, म्हणजे नाश्त्याच्या बशीहूनही लहान. माझं लक्ष्य १० मीटरवर होतं आणि बाण मागच्या भिंतीला लागला तरी मी समाधानी असायचो.

कॉमर्सच्या पदवीधराला दोन रकाने आखल्याशिवाय झोप येत नाही. मी आखले. रिकर्व्हकडे नऊ मुद्दे जमेला, लाँगबोकडे दोन: 'मोडायला फारसं काही नाही' आणि 'आवडतं'. दुसरा मुद्दा कुठल्याच हिशेबात बसेना आणि खोडवेनाही.

माझी घालमेल पाहून सरांनी ते लाँगबो आठवडाभर घरी नेऊ दिलं. दोरी उतरवून, कारण लाकडी धनुष्य चढवून ठेवलं की बाक धरतं. दादरहून बसमध्ये चढलो तर कंडक्टर ओरडला, "काका, पडद्याचा दांडा उभा धरा!" शेजारच्या बाईंनी सहानुभूतीनं विचारलं, "स्टीलचा नाही मिळाला?" घरी आमच्या एकशे ऐंशी फुटांच्या खोलीत ते फक्त तिरपं मावलं, दाराच्या कोपऱ्यापासून फ्रिजच्या डोक्यापर्यंत. संध्याकाळी पाहतो तो त्यावर दोन टॉवेल वाळत होते.

ते टॉवेल बघितले आणि मला एकदम १९८७ साल आठवलं.

त्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं होतं. रविवारी सकाळी अख्खी चाळ एका टीव्हीपुढे, आणि मालिका संपली की अख्खी चाळ युद्धावर. बाणांसाठी आम्ही खराट्यांचे हीर इतके उपसले की खराट्यांच्या नुसत्या मुठी उरल्या. मी आठ वर्षांचा होतो. बाबा साचेवाले, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला आणि त्यांचा साचा जो थांबला तो पुन्हा चालू झाला नाही. मिळेल ते काम करायचे. गणपतीत मंडप बांधायचे. मंडप सुटल्यावर एक बांबू चिरून, तासून, सुतळी लावून त्यांनी मला धनुष्य करून दिलं. माझ्याहून उंच.

मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. सह्या ताडायची सवय तेव्हापासूनची असावी. रामाच्या धनुष्याची टोकं ऐटीत वळलेली. खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे तसंच, दुकानातलं, प्लॅस्टिकचं. मी म्हटलं, "हे धनुष्य नाहीच. ही काठी आहे." आणि रडलो. बाबा काही बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं आई त्या धनुष्यानं वरच्या दोरीवर कपडे टाकायची.

या खरेदीपायी मी लंच टाइममध्ये जरा वाचन केलं, त्यात बरंच काही सापडलं. टोकं वळलेलं शिंगाचं धनुष्य आपल्याकडे होतंच. शृंगापासून शार्ङ्ग, म्हणून तर घराघरांत एखादा शारंगधर काका असतो. पण अलेक्झांडरच्या स्वारीबद्दल लिहिताना एरियन नावाचा ग्रीक लेखक सांगतो की हिंदी पायदळाचं धनुष्य माणसाच्या उंचीचं असे. खालचं टोक जमिनीवर टेकवून, डाव्या पायानं रेटून ते ओढत, आणि त्या बाणापुढे ना ढाल टिके ना चिलखत. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पाऊस पडून चिखल झाला आणि धनुष्यं टेकवायला जागाच राहिली नाही, असं एक रोमन लेखक लिहितो. हिंदमातेला जुलैत पाणी तुंबलेलं ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजांचं मेरी रोझ नावाचं लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं. त्यात १३७ लाँगबो अखंड सापडली. सरळ, साधी, माणसाहून उंच. ते जहाज त्यांनी समुद्रातून वर काढलं १९८२ साली. आमच्या गिरण्या बुडाल्या त्याच साली.

तेव्हा रविवारी बाबांपुढे बसलो. त्यांना आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे. म्हटलं, "बाबा, सत्याऐंशी साली तुम्ही मला जे करून दिलं होतंत ना, ते लाँगबो होतं. खरंखुरं."

"कधी?"

"गणपतीनंतर. मंडपाच्या बांबूचं. मी त्याला काठी म्हटलं होतं."

बाबांनी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवलं. अडतीस वर्षं मी एक खातं उघडं ठेवून बसलो होतो आणि समोरच्याच्या वहीत नोंदच नव्हती. त्यांनी टॉवेल बाजूला केले, लाँगबो मांडीवर घेतलं आणि आधी दोरी चाचपली. साचेवाल्याचा हात सुताकडेच जातो.

"हे सूत कसलं?"

"डेक्रॉन. म्हणजे पॉलिएस्टर."

"ह्यानंच आमचा कापूस खाल्ला." मग मी त्यांना फोनवर रिकर्व्हचं चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं. "हे आधीच वाकवून ठेवलंय. मग तू काय वाकवणार?"

वर्गासाठी मी रिकर्व्हच सांगून टाकलं आहे. नवशिक्यानं तेच घ्यावं, खांदा दुखरा असेल तर नक्कीच. रकाने खोटं बोलत नाहीत. लाँगबो परत करायला निघालो, तेव्हा बाबांनी त्याची किंमत विचारली. वडिलांना सांगायची असते तशी, निम्मी सांगितली.

"बांबूला?"

"बांबू नाही बाबा, परदेशी लाकूड."

त्यांनी धनुष्य दारातून उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून त्याची सरळ रेघ वरपासून खालपर्यंत पाहिली आणि माझ्या हातात दिलं.

"देऊन ये परत," ते म्हणाले. "येत्या गणपतीचा मंडप सुटू दे. तुझी उंची किती?"