बोराएवढी, लिंबाएवढी

गार मोजायची आमच्या गावची पट्टी ठरलेली होती. हरभऱ्याएवढी पडली तर पोरांची चैन. बोराएवढी पडली तर कैऱ्यांचा सडा. सुपारीएवढी पडली तर कौलं फुटली. आणि लिंबाएवढी पडली तर दुसऱ्या दिवशी नाशिकच्या 'गावकरी'त बातमी, आणि बातमीतही गार लिंबाएवढीच. कागदी लिंबू की ईडलिंबू, असं कोणी विचारत नसे.

निफाड तालुक्यातलं आमचं घर द्राक्षबागेला लागून होतं. मे महिन्यातल्या वळवात गारा आल्या की आम्ही चुलत भावंडं पितळी वाट्या घेऊन अंगणात धावायचो. आजी आधी ओट्यावरून लोखंडी तवा अंगणात उलटा फेकायची आणि मग आम्हाला शिव्या द्यायची. तव्याने गारा थांबतात यावर तिचा विश्वास होता. थांबल्या नाहीत तर तवा उशिरा फेकला गेला, एवढाच त्याचा अर्थ. वाटीतली गार तोंडात टाकली की आधी धुळीची चव लागायची, मग नुसता गारवा. आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, त्या वेळी पडवीत उभे राहून बागेकडे बघत असायचे. एप्रिलची खरड छाटणी होऊन वेलींना नवे फुटवे आलेले असत, आणि पुढच्या हंगामाचे घड ज्या काड्यांवर धरायचे त्या काड्या याच फुटव्यांतून तयार व्हायच्या. आमच्या वाटीत काय पडतंय आणि आप्पांच्या बागेत काय तुटतंय, या दोन गोष्टींचा संबंध जोडायचं ते वय नव्हतं.

तव्याची गोष्ट मी पुण्यात कॉलेजच्या वसतिगृहात सांगितली, तेव्हा वर्ध्याकडची एक मैत्रीण म्हणाली, "तुमच्याकडे गारपगारी नव्हते का?" मी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. विदर्भात गारपगारी नावाचा एक समाज आहे. गावावर आलेली गारपीट परतवून लावणं, हे त्यांचं परंपरेने चालत आलेलं काम, आणि त्याबद्दल हंगामावर शेतकऱ्यांकडून त्यांना धान्य मिळे. मला त्या व्यवस्थेतला हिशोबीपणा फार आवडला. आभाळाशी बोलणी करायला गावाने एक माणूस नेमून ठेवला होता आणि त्याचा मोबदला पीक घरात आल्यावर द्यायचा होता. पुढे ज्या गावात माझी पंचवीसहून अधिक वर्षं गेली, तिथे हाच व्यवहार काचेच्या इमारतींतून चालतो. फक्त तिथे पैसे आधी भरावे लागतात.

ते गाव म्हणजे इलिनॉय राज्यातलं ब्लूमिंग्टन. त्याला नॉर्मल नावाचं जुळं शहर चिकटलेलं आहे. नव्वदीच्या शेवटी संगणकवाल्यांची जी लाट अमेरिकेत आली तिच्याबरोबर नवरा इथे आला आणि त्याच्याबरोबर मी. भोवती मक्लेन काउंटी, क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी. मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन, आणि त्याखाली आपल्याकडच्या काळीला लाजवेल अशी काळी माती. स्टेट फार्म ही विमा कंपनी एका निवृत्त शेतकऱ्याने १९२२ साली इथेच काढली, शेतकऱ्यांच्या मोटारींचा विमा उतरवायला. आज आमच्या गणपतीच्या आरतीला उभ्या असलेल्या माणसांत विम्याच्या सॉफ्टवेअरवर पोट असलेली किती, हे मोजायला गेलं तर नसलेली मोजणं सोपं पडेल.

इथला वसंत दिसायला देखणा आणि स्वभावाने भांडखोर. मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा वर येतो, पश्चिमेकडून कोरडी थंड हवा येते आणि मधल्या सपाट मुलखात त्यांना अडवायला डोंगर नाही. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला राज्यभर भोंग्यांची चाचणी होते. नवीन आलेला माणूस घाबरतो, जुना घड्याळ लावून घेतो. खऱ्या वादळाच्या दिवशी मात्र दुपारपासूनच गावाची चाल बदलते. टीव्हीच्या कोपऱ्यात काउंट्यांचा छोटा नकाशा येऊन बसतो, त्यातली एकेक काउंटी पिवळी, लाल होत आपल्याकडे सरकते. हवामान सांगणारा माणूस कोट काढून बाह्या दुमडतो, तेव्हा आमच्या गल्लीत लोक गाड्या गराजमध्ये घ्यायला लागतात. गराज नसलेले गोधड्या, ब्लँकेटं आणून टपावर बांधतात.

पहिल्याच एप्रिलमध्ये गारा आल्या आणि मी स्टीलची वाटी घेऊन मागच्या अंगणात गेले. शेजारच्या घरातले म्हातारे गृहस्थ, आयुष्यभर मका पिकवून गावात राहायला आलेले, खिडकी उघडून ओरडले, "आत जा! मोठ्या गारा नेहमी मागून येतात." आल्याच. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही घरांतली माणसं त्यांच्या तळघरात बसून रेडिओ ऐकत होतो. त्यांच्या बायकोने वादळासाठी म्हणून वेगळा ठेवलेला बिस्किटांचा डबा उघडला. त्या डब्यावरून आमची ओळख झाली ती कायमची.

त्यांनीच मला मार्चमधल्या प्रशिक्षणाला नेलं. राष्ट्रीय हवामान सेवेचं आमच्या भागाचं कार्यालय लिंकन या गावी आहे. (हे गाव लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १८५३ साली त्यांच्या नावाने वसलं, आणि नामकरणाला त्यांनी स्वतः कलिंगडाचा रस शिंपडला असं तिथले लोक अभिमानाने सांगतात.) रडार ढगातलं दाखवतं, पण जमिनीवर नेमकं काय पडलं हे डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून दर वसंतात गावोगाव निरीक्षकांचे मोफत वर्ग भरतात. पोस्टमन, शेतकरी, अग्निशमन दलातले स्वयंसेवक, शाळेची बस चालवणाऱ्या बाया अशी सगळी मंडळी येतात. तिथे गारेची इकडची पट्टी शिकले. वाटाणा म्हणजे पाव इंच, पंचवीस सेंटचं नाणं म्हणजे एक इंच, गोल्फचा चेंडू पावणेदोन, बेसबॉल पावणेतीन. आणि एक ताकीद: गोटीएवढी असं कधी कळवू नका, गोट्या लहानमोठ्या असतात. मला लगेच आमचं लिंबू आठवलं आणि हसू आलं. पूर्वी पाऊण इंची गारेलाही तीव्र वादळाचा इशारा निघत असे. इशारे इतके झाले की लोक ऐकेनासे झाले, म्हणून २०१० पासून ती मर्यादा एक इंचावर नेली. त्याच वर्षी २३ जुलैला साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी पडलेली गार आठ इंच व्यासाची भरली, अमेरिकेतली आजवरची सर्वांत मोठी. सापडली त्याने ती फ्रीजरमध्ये ठेवली, पण वादळाने वीज गेलेली, त्यामुळे मोजणारे येईपर्यंत ती थोडी झिजलीच.

अमेरिकनांना आकाराचं कौतुक. वजनाचा विक्रम मात्र आपल्या बाजूचा आहे. बांगलादेशात गोपालगंजला १४ एप्रिल १९८६ रोजी पडलेली गार एक किलोहून जड होती. आणि गारांनी सर्वाधिक माणसं मारल्याची नोंद मुरादाबादची, ३० एप्रिल १८८८, २४६ मृत्यू. वर्गात हे सांगितल्यावर थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग बस चालवणारी एक बाई म्हणाली, "त्यांना आसरा नव्हता का?" तिने नेमकं विचारलं होतं. गार किती मोठी हे निम्मंच. ती कशावर पडते, हे उरलेलं निम्मं.

हे मला जूनमधल्या एका सकाळी त्याच म्हाताऱ्यांनी मक्याच्या शेतात दाखवलं. आदल्या रात्री त्यांच्या मुलाच्या शेतावर गारा झाल्या होत्या. गुडघ्याच्याही खाली असलेला मका असा चिंध्या होऊन पडला होता की मी "अरेरे" म्हणाले ते मराठीतच. ते काही बोलले नाहीत. एक रोप मुळासकट उपटलं, खिशातला चाकू काढला आणि खोडाचा खालचा भाग उभा चिरला. आत, मातीच्या पातळीच्या खाली, बोटाच्या नखापेक्षाही लहान, पांढरट आणि टणक असा कोंब होता. ते म्हणाले, "हा असा असेल तर जिवंत. तपकिरी आणि मऊ झाला तर गेला." मक्याला साधारण सहा पानं येईपर्यंत त्याचा वाढणारा शेंडा जमिनीखालीच राहतो. वरची पानं गारांनी ओरबाडली तरी खालून नवी येतात. म्हणून इथले कृषी सल्लागार गारपिटीनंतर आठदहा दिवस थांबायला सांगतात, नांगर घालायची घाई करू नका म्हणतात. एप्रिलमध्ये तर शेतं बहुतेक रिकामीच. पेरणी व्हायची असते किंवा नुकती झालेली असते. वसंतातल्या सर्वांत वाईट गारा पडतात त्या छपरांवर, मोटारींवर आणि उघड्या मातीवर.

आमच्याकडे उलटं. फेब्रुवारी-मार्चची गार येते तेव्हा गहू ओंबीला, हरभरा खळ्यावर, उन्हाळ कांदा काढायला आलेला आणि द्राक्षाचे घड साखर भरून टांगलेले. वर्षभराचा सगळा खर्च त्या घडांत जाऊन बसलेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये महाराष्ट्रावर गारपीट झाली, मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक, कुठे एकदा तर कुठे पुन्हा पुन्हा. चुलत भावाने फोनवर व्हिडिओ दाखवला. आप्पा तेव्हा नव्हते, बाग तोच बघत होता. तारांवर घड होते, पण प्रत्येक घडाची एक बाजू ठेचलेली. खाली चिखलात पांढऱ्या गारा आणि हिरवे मणी एकमेकांत कालवलेले. "ताई, मणी फुटला की संपलं," तो म्हणाला. "फुटलेला एक, पण त्याच्या रसाने सगळा घड सडतो. चार दिवसांनी बागेत शिरलं की दारूचा वास येतो." व्यापाऱ्याने सौदा मोडला होता. उरलेला माल बेदाण्याला द्यायचा की सरळ बांधावर टाकायचा, एवढंच ठरायचं होतं.

मग पंचनामा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. तेव्हाचा नियम असा की पीक निम्म्याहून अधिक गेलं तरच मदत. ही मर्यादा पुढच्या वर्षी तेहतीस टक्क्यांवर आली. भावाचा प्रश्न सरळ होता: घड अर्धा ठेचला तर तो अर्धा गेला की पूर्ण? कागदावर तो अर्धा होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या छपरावर गारा झाल्या आणि मी इकडचा पंचनामा पाहिला. वादळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत छप्परवाले फिरू लागतात, दारोदार, शिडी गाडीवर बांधूनच. त्यांतले बरेच वादळामागून गावोगाव फिरणारे. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. मग विमा कंपनीचा माणूस येतो. तो छपरावर चढून खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखतो आणि त्यातले गारांचे मार मोजतो, प्रत्येकाभोवती खडूचं वर्तुळ करत. शिंगलवरचे बारीक खडे उडून खालचं काळं डांबर दिसत असेल तर तो मार धरला जातो. प्रत्येक उताराचा एक चौकोन. मी खाली उभी राहून बघत होते आणि मनात तलाठी होता, बांधावर वही उघडून उभा. तो माणूस आमच्याकडून लिंबू सरबत पिऊन गेला आणि महिन्याच्या आत छप्पर नवं झालं. भावाच्या पंचनाम्याचं काय झालं हे विचारायची मला त्या महिन्यात लाज वाटली.

पुढे मी पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात नाव घातलं. कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला १९९७ साली अचानक पूर आला, आणि एकाच गावात दोन टोकांना किती वेगळा पाऊस पडतो हे लोकांना कळलं. त्यातून पुढच्या वर्षी हे काम सुरू झालं. सकाळी सातला पर्जन्यमापक वाचायचा आणि आकडा कळवायचा. गारांसाठी एक चौरस फुटाचा थर्माकोलचा तुकडा, त्यावर स्वयंपाकघरातली जाड अॅल्युमिनियमची फॉइल ताणून गुंडाळलेली. गार पडली की फॉइलवर खळगा उठतो. खळग्यांची संख्या, रुंदी, खोली बघून कोणत्या आकाराच्या किती गारा आल्या ते काढता येतं. आमच्या इथून तासाभरावरच्या शँपेनच्या संशोधकांनी अशाच पाट्या शेतांतून मांडून दशकांपूर्वी इलिनॉयच्या गारांचा अभ्यास केला होता. मी फोटो भावाला पाठवला. म्हटलं, तूही एक बागेत ठेव, खर्च काहीच नाही. त्याचं उत्तर आलं: "ताई, इथं अख्खी बागच तुझी फॉइल आहे."

या वसंतात पुन्हा छपराचा विषय निघाला. चौथ्या वर्गाची मजबूत शिंगल मिळते. तिची चाचणी अशी की दोन इंची पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकायचा आणि शिंगल तडकता कामा नये. नवरा कागदावर आकडे मांडत बसला होता, जादा खर्च किती, विम्याचा हप्ता किती कमी होईल, किती वर्षांत वसूल. त्याच सुमारास भावाचा फोन आला. त्याचाही हिशोबच चालला होता. बागेवर क्रॉप कव्हर घालायचं म्हणजे अँगल उंचावायचे, वर लोखंडी सांगाडा, त्यावर प्लास्टिक, आणि ते प्लास्टिकही काही वर्षांनी बदलायचं. फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, तो निराळाच. बँकेने एका एकराला होकार दिला होता.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची उघडी. पण एका एकराची द्राक्षं हातात आली तरी सोसायटीचं कर्ज फिटतं, मी मोजलंय." मग तो थोडं थांबून म्हणाला, "आजीचा तो तवा कोणाकडे आहे गं? वहिनी म्हणते तुझ्याकडे."

तो माझ्याकडेच आहे. मी त्यावर धिरडी करते.