उंबऱ्यावरची पाटी

घोडेगावात आमच्या मामांचा कांद्याचा गाळा आहे. लिलाव उरकला की हिशोबपट्टीसाठी काउंटरवर झुंबड उडते. पट्ट्या छापणारा संगणक जुना, मेमरी जेमतेम १ जीबी. म्हणून मीच त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, तेही चित्रांचा पसारा न घेता. चालू केला की काळा पडदा, वर डेबियनच्या आवृत्तीची एक इंग्रजी ओळ आणि खाली लॉगिनची वाट बघणारा कर्सर.

मागच्या हंगामात हार्ड डिस्क गेली. पेनड्राइव्हवर नक्कल कुणी घेतलीच नव्हती. दोन दिवसांचा हिशोब काट्याच्या पावत्या चाळून पुन्हा लिहावा लागला. त्यानंतर मामांनी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली : 'नक्कल घ्या'. आठवड्यात तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्यांची धूळ बसली आणि दिवाणजींची नजरही तिला सरावली. मी म्हटलं, "मामा, हे आता मशीनलाच विचारू दे."

लिनक्समध्ये असा मजकूर दाखवायच्या दोन जागा आहेत. 'ईटीसी' फोल्डरातल्या 'इश्यू' नावाच्या फायलीतला मजकूर लॉगिनच्या आधी दिसतो. त्याच फोल्डरातल्या 'एमओटीडी' फायलीतला, म्हणजे आजच्या दिवसाचा निरोप, लॉगिन झाल्यावर. पहिली उंबऱ्याबाहेरची पाटी, दुसरा घरात आल्यावरचा निरोप. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली. रूटचा, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचा, अधिकार घेऊन नॅनो या मजकूर-संपादकात उघडायच्या आणि लिहायचं.

मामांची पहिली अट होती की चोपडीसारखी सुरुवात देवीच्या नावानं व्हावी. 'श्री घोडेश्वरी देवी प्रसन्न' असं देवनागरीत लिहून मी मोठ्या हौसेनं मशीन परत चालू केलं.

"आरं, हे नुसते चौकोन चौकोन काय आलेत?" मामा म्हणाले.

चूक माझी होती. त्या काळ्या पडद्याच्या फॉन्टमध्ये २५६, फार तर ५१२ आकार मावतात. शिवाय जोडाक्षर जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे नेणं हे काम तिथं कुणी करतच नाही. चित्रमय लॉगिनच्या पडद्यावर मराठी झकास उमटते, पण तेवढा जीव या मशीनमध्ये नव्हता. शेवटी देवीचं नाव रोमन लिपीत लिहिलं. त्याखाली गाळ्याचं नाव आणि उलटी तिरकी रेघ देऊन 'डी' अक्षर, म्हणजे तिथं रोजची तारीख आपोआप येते. आवृत्तीची ओळ काढून टाकली. गिऱ्हाइकाला ती कशाला सांगायची?

मग मामांनी दुसरी फर्माईश केली. "पासवर्डही तिथंच लिहून टाक. दिवाणजी रोज विसरतात. आपल्या फाट्यावरून आत गेलं की शिंगणापूर. तिथं घरांना दारं न लावायची रीत. २०११ साली युको बँकेनं शाखा काढली, तिनंसुद्धा दाराला दिसेल असं कुलूप लावलं नाही. मग आपल्यालाच कशाला?"

मी त्यांना अमेरिकेतल्या एमआयटीची गोष्ट सांगितली. १९६०च्या दशकात तिथं एकच मोठा संगणक अनेक जण वापरत. एकदा एक जण दिवसाचा निरोप दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डांची फाइल. दोघांच्या कच्च्या फायलींना मजकूर-संपादक प्रोग्रॅमनं एकच नाव दिलं आणि अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करी त्याच्यापुढं निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड! ही फजिती पुढे त्या प्रणालीचे कर्ते फर्नांडो कॉर्बातो यांनीच आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली.

मामा हसले. "म्हंजे पाटीच्या खिळ्यालाच किल्ली टांगली म्हण की." तो विषय तिथंच मिटला.

राहिला नकलेचा प्रश्न. तीच ती ओळ रोज दाखवली तर तिची गत चिठ्ठीसारखीच होणार, म्हणून निरोप रोज बदलणारा हवा होता. 'ईटीसी'मध्येच 'अपडेट-एमओटीडी.डी' नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या छोट्या स्क्रिप्ट लॉगिनच्या वेळी नावाच्या क्रमानं चालतात आणि त्यांचं उत्तर पडद्यावर येतं. शेवटच्या नकलेची तारीख बघून दिवस मोजणारी चार ओळींची स्क्रिप्ट मी लिहिली, चालवायची परवानगीही दिली. तरी काही दिसेना. संध्याकाळ त्यात गेली. अखेर कळलं की फायलीच्या नावामागे सवयीनं लावलेलं 'टिंब एसएच' नडत होतं. नावात टिंब असलेली स्क्रिप्ट ते फोल्डर वगळतं. टिंब काढलं आणि रोमन अक्षरांत मराठी ओळ उमटली : 'नक्कल घेऊन ९ दिवस झाले.'

दिवाणजींनी ती वाचली, काही न बोलता खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यानंतर तो आकडा २च्या वर गेलेला मी पाहिलेला नाही.