काठ

अमरावतीचे घर विकले गेले तेव्हा भांडी, फोटो, पुस्तके यांची वाटणी झाली. झाडांची वाटणी करण्याची रीत आपल्याकडे नाही. आईच्या अंगणातली मोठी कुंडी उकरून एक कंद काढावा असे फार मनात होते. पण घर घेणारे गृहस्थ किल्ल्यांसाठी दारातच उभे होते, आणि त्यांच्यासमोर माती उकरण्याची मला लाज वाटली. मी तीन पाने तळाशी कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

नर्सरीत याला 'स्नेक प्लॅन्ट' म्हणतात. आई 'तलवारी' म्हणे. फांदी नाही, डहाळी नाही. जमिनीतून थेट उभी राहिलेली तीन-तीन फुटांची काळपट हिरवी पाने, त्यांवर फिकट आडव्या लाटा आणि दोन्ही कडांना लुगड्यासारखा पिवळा काठ. मूळ पश्चिम आफ्रिकेचे. सान्सेव्हिएरिया हे त्याचे नाव पाठ होते तोवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ड्रसीना प्रजातीत ढकलले. याची एक भावकी मात्र भारतातली आहे, आणि तीच प्राचीन मूर्वा असे एक मत आहे. वैद्यांचे त्यावर एकमत नाही. मला ते मत आवडते, एवढेच. मूर्वेच्या धाग्याची ती मौर्वी, धनुष्याची दोरी. मनुस्मृतीने क्षत्रिय बटूच्या मेखलेसाठी सांगितली तीही हीच. हा शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगत आलो. त्यामागे एखादे झाड उभे असेल, असे कधी मनात आले नाही. असो.

पहिले पान मी उलटे लावले. या पानाला वर-खाली कळते. शेंड्याकडून मुळे फुटत नाहीत. दुसरे श्रावणात कुजले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि त्यावर मी रोज मायेने तांब्याभर ओतत होतो. वास्तविक हे झाड पाण्याबाबत कमालीचे काटकसरी. त्याची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. म्हणूनच अकोल्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी ते सावलीत निमूट उभे राहते. तिसरे पान मी वाळू आणि विटांच्या चुऱ्यात खोचले आणि जवळजवळ विसरलो. कित्येक महिन्यांनी शेजारी एक टोक वर आले.

त्याला काठ नव्हता.

मागाहून कारण कळले. पिवळ्या कडेच्या पेशींत हरितद्रव्य नसते; एकाच पानात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदत असतात. पानापासून नवे रोप होताना ते आतल्या हिरव्या पेशींतून घडते, आणि काठ मागे राहतो. तो हवा असेल तर कंदच फोडून आणावा लागतो.

नर्सरीत काठाची रोपे मिळतात. दोनदा जाऊन मी तसाच परतलो.

गेल्या उन्हाळ्यात धाकटी बहीण आली. कुंडीसमोर बसली, पानाच्या कडेवरून बोट फिरवीत म्हणाली, "दादा, काठ कुठी गेला गा याचा?" मी तिला पेशी वगैरे समजावून सांगितले, किल्ल्यांची वाट पाहणाऱ्या गृहस्थांविषयी बोललो नाही. तिला एक रोप हवे होते. मी खुरपे आणले, कुंडी आडवी केली आणि कंदासकट एक फुटवा तोडून तिच्या पिशवीत घातला. अंगणभर माती झाली.