परक्या मैदानावरील पहिला सामना

लहान मुलाचा हात धरून प्रवासास निघणाऱ्याने एक गोष्ट मनाशी धरून ठेवावी. आपण त्यास जे दाखवावयास नेतो ते तो पाहीलच असे नाही. परंतु जे आपण त्याच्यापासून झाकून ठेविले आहे असे समजतो, ते मात्र त्याने केव्हाच पाहिलेले असते. सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात बडोद्यास, म्हणजे आजच्या वडोदरा नगरीस, जाण्याचा योग आला तेव्हा आम्हांस याचा प्रत्यय आला.

प्रवासाचे निमित्त साधेच होते. आमचा भाचा सात वर्षांचा. त्याचे वडील जहाजावर नोकरीस आहेत. या खेपेस घरी आलो की तुला मुंबईच्या संघाचा सामना दाखवीन, असे वचन त्यांनी मुलास दिले होते. पण वचन पुरे होण्याआधीच जहाजावरून बोलावणे आले आणि ते वचन आमच्या गळ्यात पडले. रणजी करंडकाच्या मोसमातील मुंबईचा पहिलाच सामना ११ ते १४ ऑक्टोबर या दिवसांत बडोदे संघाशी, बडोद्याजवळील कोटंबी येथील नव्या मैदानावर व्हावयाचा होता. चौथा दिवस सोमवारी येत होता. रविवारच्या मिस्सा आटोपून निघावे आणि सामना पाहून सोमवारी रात्रीच्या गाडीने परतावे, असा बेत ठरला. शाळेतून एका दिवसाची रजा काढिली आणि मायलेकांचा निरोप समारंभ यथासांग पार पडल्यावर आम्ही मामाभाचे वसई रोड स्थानकावर गाडीत बसलो.

खिडकीची जागा अर्थातच भाच्याची. विरार गेले तेव्हा आम्ही त्यास सांगितले की, संघातील पृथ्वी शॉ आणि आयुष म्हात्रे हे येथलेच. पालघर आले तेव्हा शार्दुल ठाकूरचे नाव सांगितले. आपल्याच लोहमार्गावरची ही मंडळी आपल्याआधी पुढे गेली आहेत, हे ऐकून त्यास मोठा अभिमान वाटला. मुंबईने याच वर्षीच्या मार्च महिन्यात रणजी करंडक बेचाळीसाव्यांदा जिंकिला होता. तेव्हा बडोद्यास आपण हरणे शक्यच नाही, असे त्याचे गणित होते. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही तेच होते.

डहाणू मागे पडले, ताडांची झाडे विरळ झाली, स्थानकांवरील पाट्यांची लिपी बदलली. त्या अनोळखी अक्षरांकडे पाहत असता तो एकाएकी गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “फादरमामा, आपण तिथे टाळ्या वाजवल्या तर ते लोक आपल्याला दगड मारतील का?”

वाचकहो, या प्रश्नाचे मूळ बडोद्यात नव्हते, आमच्याच धर्मग्रामात होते. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्याकडे आळी-आळींचे फुटबॉलचे सामने झाले. अंतिम सामन्यात एका गोलवरून वाद उपस्थित झाला. पंचांच्या अंगावर लोक धावून गेले, शिवीगाळ झाली आणि अखेरीस दगड उडाले. एका पोराच्या कपाळाला खोक पडून टाके घालावे लागले. त्या दिवसापासून दोन आळ्यांतील कित्येक घरांचा अबोला आहे. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी माणसे मिस्सा संपताच निरनिराळ्या दारांनी बाहेर पडतात. आणि आम्ही? आम्ही त्या दिवशी मैदानाच्या कडेस खुर्चीवर बसलो होतो. पहिली शिवी कानी आली तेव्हाच उठावयास हवे होते. पोरांचा खेळ आहे, शमेल, असे म्हणून बसून राहिलो. उठलो तेव्हा उशीर झाला होता. आईच्या पदराआड उभा असलेला हा मुलगा ते सारे पाहत होता, याचे भान त्या वेळी कोणासच नव्हते. परक्या मैदानावर जाणे म्हणजे मार खाणे, हा धडा त्यास आम्हीच, आपल्याच मैदानावर दिला होता.

“नाही रे, कोणी मारणार नाही,” असे म्हणून आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरविला. परंतु त्याने पुन्हा काही विचारिले नाही, यावरून त्यास ते पटले नव्हते हे उघड होते.

सुरतेस तापी ओलांडली, भरुचास नर्मदा. नर्मदेच्या विस्तीर्ण पात्रावर इंग्रजी अमदानीतला, १८८१ साली पुरा झालेला जुना पूल बाजूस दिसतो. आम्ही त्यास तो दाखविला; पण त्याचे चित्त मैदानाकडे होते. दिवेलागणीच्या सुमारास बडोदे आले. दसरा आदल्याच दिवशी झाला होता. नऊ रात्री गरब्याने गाजलेल्या शहरात आता ठिकठिकाणी मांडव सोडविण्याचे काम चालले होते. स्थानकाबाहेर एका दुकानी आम्ही सेवउसळ खाल्ली. उसळ आपली मराठी आणि वरची शेव गुजराती. गायकवाडांच्या या राजधानीत दोन्ही भाषा किती काळ एका ताटात जेवीत आल्या आहेत, याची ती चवदार साक्ष होती. मुक्काम एका धर्मगुरुमित्राकडे होता.

सकाळी जपमाळेच्या राणीस वाहिलेल्या कॅथेड्रलमध्ये मिस्सा अर्पिली. ऑक्टोबर हा जपमाळेचाच महिना. बडोद्याचा धर्मप्रांत १९६६ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. आपला वसईचा १९९८ साली. एकाच माउलीच्या या दोन लेकी. आम्ही भाच्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आज आपली मॅच मावशीच्या गावाशी आहे?” मित्र खळखळून हसले. आम्हीही हसलो, पण मनात म्हटले, पोरा, मे महिन्यात तर आपली मॅच सख्ख्या भावाशीच होती.

कोटंबी हे गाव शहराच्या पूर्वेस हालोलच्या वाटेवर आहे. दोन्ही बाजूंस शेते, आणि मध्येच ते भव्य मैदान. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्या महिला संघांचे सामने येथे झाले. त्या सोमवारी मात्र प्रेक्षक थोडेच होते. आम्ही एका कडेस जाऊन बसलो. मुंबईस जिंकण्यासाठी २६२ धावा हव्या होत्या आणि डाव सुरू झालेला होता. भाच्याने हात मांडीखाली दाबून धरिले होते, न जाणो चुकून टाळी वाजली तर!

आमच्या पुढच्याच रांगेत एक अतिशय वृद्ध गृहस्थ नातवासह बसले होते. आमचे बोलणे कानी पडताच मागे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, “मुंबईकडचे काय?” भाचा चमकला. आम्ही आमचा परिचय दिला. ते म्हणाले, “बसा, फादर, बसा. आमचे घराणे पाच पिढ्या बडोद्यात. पण घरात मराठीच.” भाच्याने आमच्या कानात विचारिले, “मराठी बोलतात, मग ते आपल्या बाजूचे का नाहीत?” म्हाताऱ्यांचे कान तिखट असावेत. ते हसून म्हणाले, “बाळा, भाषा आईची, संघ गावाचा. दोन्ही राखता येतात.”

खेळ चालू होता. बडोद्याचा डावखुरा फिरकी गोलंदाज भार्गव भट्ट मुंबईचे मोहरे एकामागून एक टिपीत होता. सिद्धेश लाड तेवढा चिकाटीने उभा राहिला. त्याने अर्धशतक पुरे केले तेव्हा सर्वांआधी टाळ्या वाजविल्या त्या पुढच्या रांगेतील वृद्धांनी. भाचा त्यांच्याकडे पाहतच राहिला. “आजोबा, तो तर आमचा आहे!”

“आहे ना,” ते म्हणाले, “पण खेळला तो माझ्या डोळ्यांसमोर.” आणि मग त्यांनी जी हकीगत सांगितली ती आम्ही जन्मात विसरणार नाही.

१९४७ सालचा मार्च महिना. ते स्वतः तेव्हा सात वर्षांचे होते, आमच्या भाच्याएवढेच. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात होता आणि समोर इंदूरच्या होळकरांचा बलाढ्य संघ, त्याचे कर्णधार सी. के. नायडू. वडिलांचे बोट धरून ते तो पाहावयास गेले. बडोद्याच्या बाजूने चौथ्या गड्यासाठी दोन फलंदाज जोडीस उभे राहिले. एक विजय हजारे आणि दुसरे गुल महंमद. होळकरांचे गोलंदाज दमले, पण ही जोडी हलेना. हजाऱ्यांनी २८८ धावा केल्या, गुल महंमदांनी ३१९. आणि दोघांनी मिळून ५७७ धावांची भागी केली. साऱ्या जगात कोणत्याही जोडीने तोवर एवढ्या धावा केल्या नव्हत्या. तो विक्रम एकोणसाठ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या जोडीने तो मोडिला. बडोद्याने तो सामना एक डाव आणि ४०९ धावांनी जिंकिला.

हजारे हे सांगलीत १९१५ साली मराठी ख्रिस्ती कुटुंबात, एका शिक्षकाच्या घरी जन्मलेले. पुढे १९५२ साली मद्रासेस इंग्लंडला हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. २००४ साली बडोद्यातच त्यांनी देह ठेविला. गुल महंमद मुसलमान, मूळचे लाहोरचे. त्या भागीस सहा महिनेही झाले नाहीत तोच देशाची फाळणी झाली. गुल महंमद भारताकडून खेळत राहिले, पण काही वर्षांनी पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाच्या संघातून एक कसोटी सामनाही खेळले.

“तेव्हा मी शाळेत होतो,” वृद्ध सांगू लागले. “वर्गातील मुले म्हणाली, गुल महंमद आता परका झाला. मी घरी येऊन वडिलांना विचारले, त्याच्यासाठी वाजवलेल्या टाळ्या फुकट गेल्या का? वडील म्हणाले, टाळी ही खेळाला दिलेली असते. दिलेली वस्तू परत मागू नये. आणि त्या दिवशी होळकरांच्या माणसाने सुरेख झेल घेतला, तेव्हा मी तुला टाळी वाजवायला लावली होती, आठवते? ती याचसाठी.”

एवढे बोलून ते पुन्हा खेळ पाहू लागले. नातवाने डबा उघडून भाच्यापुढे थेपले धरिले. त्यानेही संकोच सोडून घेतले.

संध्याकाळची वाट पाहावी लागली नाही. मुंबईचा डाव १७७ धावांत आटोपला. बडोदे ८४ धावांनी जिंकिले. भार्गव भट्टने त्या डावात सहा आणि सबंध सामन्यात दहा गडी बाद केले होते. भाच्याचे ओठ थरथरू लागले. बेचाळीस वेळा जिंकलेला संघ, आणि आपण एवढ्या दूर येऊन हरावे! आम्ही काही बोललो नाही. दुःख खरे असेल तर त्यास थोडा अवकाश द्यावा. डोळे पुसून झाल्यावर त्याने आजूबाजूस नीट पाहून घेतले. कोणी धावून येत नव्हते. खेळाडू एकमेकांचे हात हाती घेत होते. मग त्याने मांडीखालचे हात बाहेर काढिले आणि भट्ट तंबूकडे परतत असता टाळ्या वाजविल्या. प्रथम दोन, मग पुष्कळ. पुढच्या रांगेतील वृद्धांनी मागे वळून पाहिले नाही. परंतु त्यांनी आपला हात मागे करून त्याच्या गुडघ्यावर थोपटले.

परतीच्या गाडीत तो लवकर झोपी गेला. आम्ही मात्र जागे होतो. संत पौल यांनी ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे, आणि नियमाने खेळल्यावाचून मुकुट नाही असेही त्यांनी तीमथ्यास बजाविले आहे. आम्ही यावर किती तरी प्रवचने केली असतील. परंतु नियम पुस्तकात असतात आणि मुले नियम वाचीत नाहीत. ती बापाचा, मामाचा, धर्मगुरूचा चेहरा वाचतात. एका बापाने १९४७ साली आपल्या मुलास पाहुण्यांसाठी टाळी वाजवावयास लाविली. ती टाळी सत्त्याहत्तर वर्षे जपून त्या मुलाने आमच्या भाच्याच्या हाती ठेविली. आम्ही मे महिन्यात खुर्चीवर बसून राहिलो. तेही असेच पिढ्यान्‌पिढ्या चालावयाचे काय?

पुढल्या रविवारी वेदीवरून आम्ही हे सारे सांगितले आणि त्या दिवशीच्या आमच्या मौनाबद्दल धर्मग्रामाची क्षमा मागितली. सर्व काही निवळले असे नाही. काही घरांचा अबोला अजून आहे. जखम झाली त्यापेक्षा भरावयास अधिक दिवस लागतात. पण मिस्सा झाल्यावर कपाळास टाके पडलेला तो पोरगा देवळाच्या पायरीवर एकटाच उभा होता. आमचा भाचा पलीकडच्या आळीचा. तो आपण होऊन त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, “तू तेव्हा मारलेला तो लांबचा गोल खरंच भारी होता.”

दोन्ही आळ्यांची मोठी माणसे तेथेच उभी होती. त्यांनी ते ऐकिले. आम्हीही ऐकिले.