मंडळात किती दावतंय?

आमच्या भूम तालुक्यात पाऊस मोजायच्या रीती निराळ्या होत्या. कुदळीनं रान उकरायचं आणि ओल बोटभर गेलीय का वीतभर, ते बघायचं. ओढ्याला पाणी आलं तर पाऊस झाला, बाणगंगा दोन्ही थड्या धरून वाहिली तर लई झाला. म्हातारी माणसं नक्षत्रावर बोलायची. 'मघा कोरड्या गेल्या' एवढं एक वाक्य म्हणजे त्या सालचा सगळा हिशेब. आमच्या आण्णांच्या तोंडून मिलिमीटर हा शब्द मी कधी ऐकला नाही.

पाऊस मोजायचं यंत्र मात्र होतं. सरकारी आवारात तारेच्या कुंपणात ते बसवलेलं असायचं. शाळेला जाता-येता आम्ही कुंपणाला नाक लावून बघायचो. सकाळी एक माणूस यायचा, नरसाळं बाजूला करून बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतायचा, डोळ्यांसमोर धरायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि कुलूप लावून जायचा. त्या वहीत काय लिहिलंय हे गावाला कधी कळलं नाही. गावानं कधी विचारलंही नाही. सरकारी दप्तर म्हणजे लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा. त्याची गाठ सोडायचा हक्क आपला नव्हे, असंच सगळे धरून चालायचे.

त्याला कारणही होतं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जुने कागद कुठं उर्दूत, कुठं मोडीत. आजोबांचा जमिनीचा कागद वाचायला माणूस शोधावा लागायचा आणि तो वाचेल ते खरं मानावं लागायचं. पुढं कागद मराठीत आले, पण हेलपाटे तेच. सातबारा पाहिजे तर तलाठ्याच्या सज्जावर जायचं. साहेब मिटिंगला गेलेले असायचे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं शासनानं ठरवलंय. आमच्याकडं अजून तलाठीच.) २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा निघायला लागला. आण्णा गेल्यावर आईचं नाव लागलं, ते मी तिला मोबाइलवर दाखवलं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणालाबी दिसतंय का?"

"कुणालाबी दिसतंय."

"मग बरं हाय," ती म्हणाली. "दडवायला जागा राह्यली न्हाई."

सरकारनं गोळा केलेली माहिती सगळ्यांना दिसावी, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तर कार्यालयांनी कुणी मागायच्या आधीच आपली माहिती लोकांपुढं मांडावी, असं कलम आहे. पण आईच्या त्या तीन-चार शब्दांइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

आता २०२३ ची गोष्ट. त्या साली जून कोरडाच गेला, पेरण्या जुलैत झाल्या. सोयाबीन गुडघ्याला लागायच्या बेताला आलं आणि ऑगस्टमध्ये आभाळ जे मिटलं ते मिटलंच. १९०१ पासूनच्या नोंदीत साऱ्या देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, हे नंतर वाचलं. शिवारात ते वाचायची गरज नव्हती. दुपारी पानं माना टाकायची, ती संध्याकाळीही उचलायची नाहीत. आमचे तात्या, म्हणजे धाकटे चुलते, रोज बांधावर जाऊन यायचे आणि रोज एकच वाक्य बोलायचे, "फुलं गळायलेत."

३१ ऑक्टोबरला सरकारनं दुष्काळी तालुक्यांची यादी काढली. राज्यातले ४० तालुके. आमच्या जिल्ह्यातले तीन होते, वाशी, धाराशिव आणि लोहारा. भूम नव्हतं. वाशीची शीव आमच्या तालुक्याला लागून. बांधाच्या पलीकडं दुष्काळ आणि अलीकडं सुकाळ, असं ते झालं. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आमच्या एका पाहुण्याचं रान वाशीत, घर आमच्यात. तो म्हणाला, "मी आता रानात गेलो की दुष्काळी, घरी आलो की बागायतदार."

यादी मनानं काढलेली नव्हती. २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणं आधी पावसाची तूट आणि पडलेला खंड बघतात, मग उपग्रहावरून पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, भूजल, आणि शेवटी दहा टक्के गावांत जाऊन पिकं तपासतात. रीत चांगली आहे. पूर्वीच्या नुसत्या आणेवारीपेक्षा बरीच म्हणावी अशी. पण ती सगळी तालुका हा एक धरून चालते. आणि आमचा तालुका बालाघाटाच्या अंगावर बसलेला. काही गावं वर माळावर, काही खाली. आमच्याकडं पाऊस बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो. त्याची सरासरी काढली की बैल निम्मा भिजलेला दिसतो. तात्यांचा रोख उपग्रहावर होता. "त्याला वरनं येडी बाभळ बी हिरवीच दिसत आसंल."

तेव्हा गावातल्या पोरांनी एक काम केलं. कृषी खात्याच्या महारेन या संकेतस्थळावर महसूल मंडळाप्रमाणं रोजचा पाऊस दिसतो. तो कुणालाही बघता येतो, ओळखपत्र लागत नाही, कुणाची सही लागत नाही. पोरांनी आमच्या मंडळाचे जून ते सप्टेंबरचे आकडे उतरवून काढले. मी मास्तर, म्हणून बेरीज तपासायला माझ्याकडं आले. एका रकान्यात दर साली पडायला पाहिजे तो पाऊस, दुसऱ्यात पडलेला, तिसऱ्यात टक्के. पान एकच, पण त्यात ऑगस्टचा रकाना बघवत नव्हता. शून्य, शून्य, एक दशांश काहीतरी, पुन्हा शून्य. एरवी आमची निवेदनं कशी असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'शेतकरी हवालदिल झाला असून' पासून सुरू होतात आणि 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' वर संपतात. या वेळी वर तीन ओळी आणि खाली तो तक्ता. कचेरीत तो हातात घेणाऱ्यानं वाचला. हवालदिल शब्द कुणी वाचत नाही, आकडा वाचावाच लागतो, कारण तो त्यांचाच असतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सरकारनं आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. निकष असा, की जून ते सप्टेंबरात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. त्यात आमच्या जिल्ह्यातली मंडळं होती, आमचंही होतं. आमच्या निवेदनानं हे झालं असं मी म्हणणार नाही. ओरड राज्यभर होती. पण ज्या रकान्यावर निर्णय झाला तो रकाना पोरांच्या कागदावर आधीच होता. यादी आली तेव्हा टपरीवर पहिल्यांदा असं झालं, की ती का आली हे माणसांना माहीत होतं.

मिळालं काय? जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, शाळा-कॉलेजच्या पोरांची परीक्षा फी माफ. हातात रोकड काही पडली नाही. तात्यांचा धाकटा तेव्हा बारावीला. फी काही हजारांत नव्हती, पण सोयाबीनची पोती खळ्यावर आलेलीच नव्हती, अशा घरात शंभराची नोटही मोजून काढावी लागते. तात्या म्हणाले, "ह्या साली ब्यांकेचा माणूस दारात आला न्हाई. तेवढंच लई."

आकडा नेहमी आपल्या बाजूचा निघतो असं मात्र नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी, हा नियम आता पोराटोरांना पाठ आहे. मंडळात ६३ पडला आणि आपल्या गावात ढग फुटला, तर सांगायचं कुणाला? एका यंत्रावर दहा-वीस गावं. महावेध प्रकल्पात मंडळा-मंडळाला स्वयंचलित केंद्रं बसली, पण यंत्र शेवटी एकाच जागेवर उभं असतं. वर संकेतस्थळ असं, की ज्या दिवशी सगळ्यांना बघायचं असतं त्याच दिवशी ते गोल-गोल फिरत बसतं.

तरीही वहीत लिहिलेलं असणं किती मोलाचं, ते आमच्या जिल्ह्यानं २०२० च्या खरिपात बघितलं. ऑक्टोबरात पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात घातलं. विमा कंपनीचं म्हणणं, ७२ तासांत आम्हाला का कळवलं नाही? अंधारात, बिनविजेचं, मोबाइल बंद पडलेलं गाव कुणाला कळवणार होतं? पण महसूल खात्याचे पंचनामे झालेले होते. प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं, २०२२ साली निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांचा तो प्रश्न होता. चिखल तुडवत फिरलेल्या तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांनी भरलेले कागद तिथं उभे राहिले. आपण या माणसांना उठता-बसता शिव्या देतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आणि नोंदच झाली नाही तर काय होतं, तेही घरात बघतोय. माझ्या पुतण्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली. सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी झालं, सासरच्या कार्डावर चढलं, पण धान्य तिच्या नावाचं येत नाही. लेकराचंही नाही. विचारलं की उत्तर एकच, इष्टांक संपला. म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याची राज्याची मर्यादा भरली. ती मर्यादा २०११ च्या जनगणनेवर बांधलेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची म्हणतात. तोवर आमच्या घरातली दोन माणसं जेवतात रोज, पण मोजली गेलेली नाहीत.

तात्यांनी मात्र आपली सोय केली. दुष्काळाच्या त्या वर्षानंतर त्यांनी रंगाचा एक रिकामा डबा घासून-पुसून अंगणात, पत्र्यापासून आणि लिंबापासून लांब ठेवला. मी त्यांना सांगितलं होतं, की डबा वरपासून खालपर्यंत सरळ असला म्हणजे झालं, रुंदी कितीही चालते; आत जेवढे मिलिमीटर उंच पाणी तेवढा पाऊस, आणि एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. दहा हजार लिटर ऐकून ते बराच वेळ गप्प होते. म्हणजे दोन टँकर, असं शेवटी म्हणाले. सकाळी पोराची फूटपट्टी बुडवायची, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहायचा आणि मला फोन करायचा, "मंडळात किती दावतंय?" मग खाली तोही लिहायचा. दोन्हींत फरक पडला की भांडण माझ्याशी.

२०२५ च्या सप्टेंबरात उलटंच झालं. भूम-परंड्यावर पाऊस असा कोसळला, की नद्या रानातून वाहिल्या, जनावरं दावणीलाच गेली, माती खरवडून निघाली. तात्यांच्या कॅलेंडरवर त्या महिन्याचं पान भरगच्च आहे. एका चौकोनात मात्र वरचा आकडा नाही. तिथं बॉलपेननं लिहिलंय, 'डबा व्हाऊन गेला'. खाली माझ्याकडून विचारून घेतलेला मंडळाचा आकडा. पंचनाम्याला आलेल्या पोरानं त्या पानाचा फोटो काढून नेला. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. तात्यांनी दुसरा डबा आणलाय, आणि या खेपेला तो तारेनं खांबाला बांधलाय.